शेफिकाताईंची उन्हाची जागा

आमच्या मुदुर्नू गावात कुठलंही जुनं घर पाहा, खालचा मजला गल्लीप्रमाणे वाकडातिकडा आणि वरचा मात्र अंग वळवून दक्षिणेकडे तोंड करून बसलेला. खालचं घर गल्लीचं ऐकतं, वरचं सूर्याचं. आमच्या समोरच्या शेफिकाताईंकडे वरच्या मोठ्या खोलीत खिडक्यांखालून लांबच लांब बैठक होती. दोन बाजूंच्या खिडक्या जिथे मिळतात त्या कोपऱ्यात सकाळपासून दुपार कलेपर्यंत ऊन असे. ती जागा घरातल्या थोरल्या पुरुषाची. दाराजवळचं अंधारं टोक बायकांचं.

ताईंचा नवरा आधीच गेला होता. सासरेही गेले, आणि दुखवटा संपताच ताई सुई-रेशीम घेऊन सरळ त्या कोपऱ्यात जाऊन बसल्या. नवऱ्या मुलींच्या रुमालांना त्या सुईने फुलांची लेस विणत, त्यावरच त्यांचं घर चाले. धागा केसाएवढा, आणि नजर उतरायला लागलेली. दाराशी बसलं की पाकळी कुठली, गाठ कुठली ते कळेना. विणणं थांबलं असतं तर अंकाऱ्याला थोरल्या दिराच्या घरी, जावेच्या हाताखाली राहावं लागलं असतं. दीर रुकनेत्तिन त्याचीच वाट पाहत होता, असं गल्लीत सगळे म्हणत. वडिलांची जागा सोड, असं त्याने निरोपावर निरोप पाठवून सांगितलं. ताईंनी उलट कळवलं की तुम्ही वर्षातून एकदा बसणार, ऊन रोज येतं.

शरदात तो दोन पाहुणे घेऊन आला. मलाही बोलावलं होतं. ताई रीतीप्रमाणे उठल्या, विणकाम गादीवर ठेवून कॉफी करायला गेल्या. तेवढ्यात त्याने ते उचलून कोनाड्यात टाकलं आणि कोपऱ्यात ऐसपैस बसला.

ताई तबक घेऊन आल्या. पहिला पेला त्यालाच दिला. मग विणकाम काढलं आणि त्याच्या शेजारी, अगदी लगटून बसल्या.

पाहुणे छताकडे बघायला लागले. परक्या पुरुषांसमोर भावजय दिराला खेटून बसलेली आमच्याकडे कोणी पाहिली नव्हती. रुकनेत्तिन वीतभर सरकला. ताईही सरकल्या. तो आणखी सरकला, पेला सांभाळत. असं करत तो दाराशी पोचला, तेव्हा ताई उठून कोपऱ्यात परतल्या.

"या घरात थोरल्याचा मान उरला नाही," तो म्हणाला.

"आहे की, भाऊजी. कॉफी पहिली कोणाला दिली? ऊन तेवढं माझ्याकडे ठेवलंय."

मला हसू आवरेना, म्हणून मी पायांकडे बघत बसलो.

पुढच्या वर्षी तो अंकाऱ्याहून विजेचा मोठा दिवा घेऊन आला. गल्लीत नुकतीच वीज आली होती. म्हणाला, हा सूर्यालाही लाजवतो, याच्याखाली कुठेही बसून विण.

ताईंनी दिवा उलटसुलट करून पाहिला, छान आहे म्हणाल्या. वायरमनला बोलावून दाराजवळच्या टोकावर टांगून घेतला, आणि त्याखाली जाड गादी घातली.

"बसा भाऊजी," त्या कोपऱ्यातूनच म्हणाल्या. "आता तिथेही काही कमी नाही."

तो उभाच राहिला. ताईंनी सुईत धागा ओवला, पहिल्याच खेपेला.