नागम्माक्काचा पक्का रंग

आजही माझ्या कारखान्यात सुताला लाल रंग द्यायला कढई तापली, की त्या वासानं मी भवानी पेठेत पोचते. तिथं नागम्माक्का नवरा गेल्यावर स्वतः माग चालवायची आणि मी तिच्याकडं सूत गुंडाळून कांड्या भरायचे. मोठं होऊन तिच्यासारखं व्हायचं, एवढंच डोक्यात होतं.

अक्का साड्या थेट बाजारात विकू लागली, म्हणून दलालाचा माणूस एका सकाळी कोयता घेऊन आला. मागावर ताणलेलं सूत त्यानं सपासप कापलं. अक्कानं त्याचं मनगट पिरगाळलं आणि कोपरापर्यंत हात शेजारच्या कढईतल्या उकळत्या लाल रंगात दाबून धरला. तो गुरासारखा ओरडला.

"वरड की," ती म्हणाली, "पेठेला कळू दे."

पुढं गिऱ्हाइकानं रंग जाईल का विचारलं, की ती म्हणायची, "त्याचा हात बघून या. अजून गेला न्हाय." लोक खरंच बघून यायचे आणि साडी घ्यायचे. धंदा असा करायचा असतो, असं मला वाटायचं.

नंतर माझ्याच कारखान्यात एका बाईचा हात कढईत पडून भाजला. कित्येक महिने तो त्या माणसाच्या हातासारखाच लाल होता. त्या कढईत रंग अजून टाकलाच नव्हता, नुसतं उकळतं पाणी होतं.