पिवळी व्हायची होती ती भिंत

चुन्यात हळद मी मिसळली होती. बरीच वर्षं घरात हे कुणाला माहीत नव्हतं, आणि जिला माहीत होतं तिने ते कधी बोलून दाखवलं नाही.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. चिकपेटच्या मागच्या गल्लीत आमचं घर होतं. पिढ्यान्पिढ्या आम्ही बंगळूरचे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. अक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, बघायला पाहुणे यायचे होते म्हणून पुढची खोली रंगवायची ठरली. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते म्हणाले, नेहमीसारखा पांढरा चुना द्या. मी मात्र बसवनगुडीत एका मित्राची पिवळी खोली पाहून आलो होतो. दिवा लागला की तिच्या भिंती तुपासारख्या दिसायच्या. मी हट्टच धरला.

"सरी, कर काय ते," अण्णा शेवटी कन्नडात 'बरं' म्हणाले.

आमच्याकडे चुना द्यायचं काम आत्याचं. अण्णांची ही बहीण ऐन तरुणपणी विधवा होऊन माहेरी आली होती. दर दसऱ्याआधी घर तीच रंगवायची. तिच्या हातचा कुंचा भिंतीवरून सरळ खाली यायचा, एक ओघळ राहायचा नाही. आमच्याकडे तिला कशाचीही मनाई नव्हती. ती पाहुण्यांत बसायची, मंगळागौरीला गाणी म्हणायची. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे तेच गेलं.

मी बाजारातून पिवडी, म्हणजे रंगाची पिवळी माती, आणली. चुन्यात कालवली, तर रंग फिका आणि मातकट.

"अजून स्वल्प घाल," आत्या म्हणाली आणि कुंचा भिजवायला परसात गेली.

पिवडी संपली होती. मी स्वयंपाकघरातला हळदीचा डबा आणून बादलीत रिकामा केला. कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकत होतो. हळदीला चुना लागला की ती लाल होते, कुंकू असंच करतात, हे कुणी विचारलं असतं तर मी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. त्या वेळी डोक्यात फक्त मित्राची खोली होती.

आत्या परत आली, बादलीत डोकावली. "हे तांबडं का दिसतंय रे?"

"ओलं आहे म्हणून. वाळलं की पिवळं होईल."

"तू शिकलेला. मी आपली कुंचा मारणारी," ती हसत म्हणाली आणि कामाला लागली.

सकाळी भिंत कुंकवाच्या रंगाची होती, त्यातही जागोजागी डाग. आई दारातच थबकली. तिने भिंत पाहिली, आत्याचे लाल तळहात पाहिले, मग हळदीचा रिकामा डबा उचलला.

"वन्सं, हळदीत चुना पडला की काय होतं, हे मी सांगायचं तुम्हाला? आणि मुलीला बघायला माणसं यायच्या वेळीच सुचलं हे?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं.

"मी तर पिवडीच आणली होती," मी म्हणालो. वाक्य खरं होतं, म्हणूनच ते मला सोपं गेलं.

भिंतीवर सतरंजी टांगली. पाहुणे आले, अक्काचं लग्नही जमलं. त्या दिवशी आईने आत्याला मागच्या खोलीत बसायला सांगितलं. त्यानंतर कधी सांगावं लागलं नाही. घरात काही शुभकार्य असलं की ती आपणहून मागे जायची. कुंचा तिने पुन्हा हातात धरला नाही.

भिंत मात्र सुधारली. चुना मुरत गेला तसा लाल रंग उतरला आणि काही महिन्यांत ती पिवळी झाली, जवळजवळ मला हवी होती तशी. येणारेजाणारे रंगाचं कौतुक करायचे. मी ऐकून घ्यायचो.

साठचं दशक सरत आलं तेव्हा माझ्या मुलीचं बारसं झालं. पुढच्या खोलीत पाळणा सजला होता आणि आत्या सवयीने मागे वाती वळत बसली होती. मी तिच्याजवळ बसलो आणि हळदीचं सांगितलं.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "तुझी नखं पिवळी होती. पिवडी धुतली की जाते, हळद जात नाही."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तू बोलशील असं वाटलं होतं." तिने हातातली वात पुरी केली. "आता मला काय सांगतोस? तुझ्या आईला सांग."

मी तिचा हात धरून तिला पुढे नेलं. ती उंबऱ्याशी थांबली. पाळण्याजवळ आई होती, अक्का होती, शेजारच्या बायका होत्या.

"आई," मी म्हणालो, "अक्काच्या वेळी चुन्यात हळद मी घातली होती. कुंचा मारताना आत्याला माहीतही नव्हतं. तिला बोल लावलास तेव्हा मी पिवडीचं नाव पुढे करून सुटलो." मग आत्याकडे वळलो. "माझ्यामुळे तू इतकी वर्षं मागे बसलीस. माझं चुकलं, आत्या. मला माफ कर."