कोंड्यावर दिलेला मुलगा

सगुणाच्या मुलाची पाचवी झाली आणि दुसऱ्याच सकाळी तिने त्याला सूपभर कोंड्यावर शेजारच्या शकूला देऊन टाकलं. दिवा आणि डोंबिवलीच्या मधे, खाडीच्या काठाला असलेल्या त्या पाड्यात यात कोणाला काही नवल वाटलं नाही. ज्या बाईची मुलं जगत नाहीत तिने पुढचं मूल असंच द्यायचं असतं. ज्या बाईची सगळी पोरं धडधाकट आहेत तिच्या पदरात टाकायचं आणि बदल्यात कोंडा घ्यायचा. मग ते मूल आपलं राहत नाही, शिवाय त्याची किंमतही कोंड्याएवढीच ठरते. जी वाईट नजर चांगल्या पोरांच्या शोधात फिरत असते ती असल्या फुटकळ मालाकडे वळूनही बघत नाही. पोर राहतं आईकडेच, दूधही तिचंच पितं, पण लोकांत ते दुसरीचं. त्याला पाच वर्षं पुरी झाली की चैत्रात गावदेवीला नारळ फोडायचा, त्या दुसरीची खणा-नारळाने ओटी भरायची आणि पोर परत घ्यायचं. मुलाचं नाव पडलं कोंडा.

सगुणाचे आधीचे दोन मुलगे गेले होते. पहिला रांगायला लागला आणि तापाने गेला, दुसरा चालायला लागला आणि देवी येऊन गेला. मधली शालू मात्र जगली. मुलीला नजर लागत नाही असं पाड्याचं मत होतं. मुलींकडे कोणी धड बघतच नाही, तर नजर लागणार कुठून, हे मात्र कोणी बोलत नसे.

आता हे कोंड्याचं नाटक पाड्यातल्या आणखीही बायकांनी केलं होतं, पण त्या शहाण्या होत्या. दिवसा चारचौघींत म्हणायच्या, ‘आमचा नव्हं गो तो,’ आणि दाराला कडी लागली की त्याच पोराचे पटापटा मुके घ्यायच्या. देवीही समजूतदार असते, एवढं चालवून घेते. सगुणाने मात्र ते अक्षरशः खरं धरलं. जी नजर जिवंत पोर उचलून नेते ती काय दाराच्या कडीला भिणार, असा तिचा हिशेब. आणि आपली चूक कोणती ते तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणजे तसं तिला वाटत होतं. पहिल्याचं हसणं ती घरोघरी सांगत फिरली होती. दुसऱ्याला खांद्यावर घेऊन मिठागराच्या बांधावर नाचली होती. आपल्या आनंदाचीच त्यांना दृष्ट लागली, तेव्हा आता आनंद करायचाच नाही, असं तिने ठरवलं.

सुरुवातीला हे जड गेलं. कोंडा पालथा पडला, मूठ चोखू लागला, शालूला बघून खिदळू लागला की सगुणाला हसू यायचं आणि ती ओठ आत ओढून चुलीकडे तोंड करायची. पुढे पुढे ते सोपं झालं. मग एक दिवस असा आला की दाबायला हसूच उरलं नव्हतं. कुठला दिवस ते तिलाही कळलं नाही.

एरवी तिच्यात खोट काढायला जागा नव्हती. पहाटे उठून तांदळाच्या भाकऱ्या, बरोबर सुकटीची चटणी, मग दोघा पोरांना आंघोळ, डोक्याला तेल, आणि टोपली घेऊन मिठागर. ऊन चढेपर्यंत मीठ वाहायचं. खारट पाण्याने पायांच्या भेगा चरचरायच्या, तेही हळूहळू जाणवेनासं झालं होतं. पोरं बांधावर खेळायची. कोंडा चिखलात माखून यायचा, ती त्याला धुवायची. भांडं धुवावं तसं स्वच्छ धुवायची, कुठे माती राहू द्यायची नाही, आणि धुवून बाजूला ठेवायची. बायका आपसांत म्हणायच्या की सगुणा दगड झाली. दगड निदान ऊन लागलं की तापतो तरी!

तिचा नवरा राघो मितभाषी माणूस. एकदाच तो म्हणाला, “बग, पोर कसा पलतो वाऱ्यासारखा.”

“शकूचा हाय,” सगुणा म्हणाली.

राघोने पुन्हा तो विषय काढला नाही.

कोंडाही तेच ऐकत मोठा झाला. शकूला तो ‘आये’ म्हणायचा आणि सगुणाला ‘काकी’. तो झोपायचा काकीच्या घरात, जेवायचा काकीच्या हातचं, पण त्याला त्यात काही विचित्र वाटलं नाही. जग असंच असतं, अशीच त्याची समजूत. हे सगळं लटकं आहे असं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. सगळ्यांना वाटत होतं, त्याला ते कळत असणार. शालूला कळत होतं, पण तिला आईने दम भरलेला.

पाच वर्षं झाली. चैत्रात गावदेवीची जत्रा आली तशी शकू खण-नारळाची वाट बघत बसली. शकू म्हणजे मोठ्या तोंडाची, मोठ्या मनाची बाई. पाच पोरं हातावर खेळवून अजून अंगात जोर होता. सगुणा आलीच नाही तेव्हा तीच उठून आली.

“गो सगुने, घे ना आता तुजा पोर परत. देवी काय रोज रोज यायची हाय?”

“पुढच्या वर्साला घेन,” सगुणा म्हणाली.

पुढचं वर्षही तसंच गेलं. शकूला वाटलं, खणा-नारळाच्या पैशांची ओढाताण असेल. तसं काही नव्हतं. सगुणाला भीती होती, आणि ती एकदम साधी होती. शकूचा आहे तोवर तो जिवंत आहे. माझा झाला की त्याचं काय होईल ते मी दोनदा बघितलंय. पण या भीतीच्याही खाली आणखी एक गोष्ट होती आणि ती कोणाला सांगण्यासारखी नव्हती. मुलाला परत घ्यायचं म्हणून तिने आत वळून पाहिलं तर तिथे काहीच नव्हतं. माया नाही, कंटाळाही नाही. रिकाम्या हातांनी लेकराला कसं परत मागायचं? त्यापेक्षा शकूकडेच बरा, असं ती स्वतःला समजवायची आणि पुन्हा मिठाची टोपली डोक्यावर घ्यायची.

त्या वर्षी आंबिवलीला नवा कारखाना निघाला. शकूच्या नवऱ्याला, आनंदाला तिथे काम लागलं आणि राहायला खोलीही मिळाली. वैशाखात सगळं बिऱ्हाड हलायचं ठरलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी शकू पुन्हा आली.

“आमी उद्या चाललो. पोराचं काय?”

“तिकडं गेलीस तरी तुजाच म्हनन मी त्याला,” सगुणा भाकरी थापत म्हणाली. “नावापुरता.”

“येडी हायस तू,” एवढंच बोलून शकू निघून गेली. नेहमीसारखी भांडली असती तर बरं झालं असतं.

सकाळी शकूच्या दारात बैलगाडी उभी राहिली. हंडे-कळशा, गोधड्या, पाटा-वरवंटा, कोंबड्यांची डालगी असं सगळं तिच्यात चढलं. पाडा निरोपाला जमला. सगुणा आपल्या अंगणात भांडी घासत होती. तिला निरोप द्यायचा नव्हता, ती नुसती राखेने तेच ते पातेलं घासत राहिली. तेवढ्यात शालू धापा टाकत आली.

“आये, कोंडा गाडीत बसलाय!”

सगुणा तशीच राखेच्या हातांनी गेली. शकूच्या पोरांच्या गर्दीत, गोधड्यांच्या ढिगावर कोंडा अगदी शहाण्यासारखा बसला होता. मांडीवर एक गाठोडं, त्यात त्याचा दुसरा सदरा. हातात खेकडे धरायचा पत्र्याचा डबा. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या.

“सगुने, तुजा पाव्हना चालला गो!” एकजण ओरडली.

कोंडाने तिला पाहिलं आणि शिकवल्यासारखं नीट सांगितलं, “काकी, मी आयेसंगं जातो.”

जातो. दारातून निघणारा माणूस कधी तसं म्हणत नाही, येतो म्हणतो. तो शब्द कोणत्या वेळी उच्चारतात ते सगुणाला दोनदा कळलं होतं.

“कोनी बसवला त्याला वर?” तिने विचारलं.

“मी,” शकू म्हणाली. ती हसत नव्हती. “माजा हाय ना? समद्या गावाला सांगतेस. मंग माज्यासंगंच यायचा तो.”

“उतर खाली, कोंडा.”

“कशाला?”

“तू हितला हायस.”

“मी आयेचा हाय,” कोंडा म्हणाला. “तूच सांगतेस.”

खोटं कुठे होतं ते? बांगडीवाल्याला तिने तेच सांगितलं होतं, देवी टोचायला आलेल्या माणसाला तेच, मिठागराच्या मुकादमालाही तेच. सगुणाने आजूबाजूला पाहिलं. राघो बैलांजवळ खाली मान घालून उभा होता. बायकांचं हसणं थांबलं होतं. तिने तोंड उघडलं आणि अगदी हळू म्हणाली, “तू माजा हायस.”

कोंडा खुदकन हसला. मोठी माणसं पोरांची अशी थट्टा करतात हे त्याला माहीत होतं. “खोटं!” तो म्हणाला. “तुला माजं काय म्हायती?”

“काय म्हायती?” सगुणा म्हणाली, आणि तिचं तिलाच कळेना की पुढचं कोण बोलतंय. “तू भाकरीचा पापुद्रा आधी खातोस नि खालची बाजू शालूच्या ताटात टाकतोस. निजलास की उजवा पाय माज्या पोटावर टाकतोस, मी काढला तं परत टाकतोस. काटा रुतला तं रडत नाय, पन कोंबडा मागं लागला की गाव गोला करतोस. रोज मिठाच्या ढिगाला जीभ लावतोस नि रोज थुंकतोस, आज गोड लागंल म्हनून. तेल लावलं की डोला मिटतोस, एकच, दुसरा उघडा ठेवतोस. आंगोलीच्या पान्यात फुंकर मारतोस. खेकडे मोजतोस तं तिनाच्या मागनं पाच बोलतोस…”

ती थांबेचना. तिला वाटत होतं की आपण इतकी वर्षं काहीच पाहिलं नाही, पोर नुसतं धुतलं आणि वाढवलं. आणि इथे तर एकही दिवस हरवला नव्हता. सगळं आत जाऊन पडलं होतं, तिला न विचारता. रोज सकाळी हे तिच्या दारात येऊन पडत होतं आणि तिने एकदाही देवीला हात जोडले नव्हते. ती बोलता बोलता रडत होती, राखेचे हात तोंडावरून फिरवत होती आणि तोंड काळंमिट्ट करून घेत होती. शकूने पदराने डोळे पुसले आणि उगाच एका कोंबडीवर खेकसली.

कोंडाने सगळं नीट ऐकून घेतलं. मग तो जरा रागानेच म्हणाला, “खेकडे मी बरोबर मोजतो.”

“बरोबर मोजतोस,” सगुणा म्हणाली.

“मंग मी काय म्हनू तुला?”

“तुला म्हनायचं ते म्हन. पन उतर.”

त्याने शकूकडे पाहिलं. शकूने मान हलवली. कोंडाने गाठोडं काखेत मारलं, डबा घट्ट धरला, गाडीच्या कडेला आला आणि तिथेच थांबला.

“तिनं चढवला,” तो म्हणाला. “तू उतरव.”

सगुणाने दोन्ही हात वर केले. त्याला कडेवर घेतल्याला किती काळ झाला होता, तिला आठवेना. तो सगळा भार टाकून तिच्या अंगावर आला, गाठोड्यासकट, डब्यासकट, आणि ती एक पाऊल मागे गेली.

“अगो आये! केवडा जड झालास रे माज्या सोन्या!”

भर उन्हात, सगळ्या पाड्यादेखत, खणखणीत आवाजात तिच्या तोंडून ते निघून गेलं. ऐकणाऱ्या बायकांचे श्वास अडकले. सगुणालाही काय बोललो ते कळलं, पण तोंडावर हात न्यायला तिचा एकही हात मोकळा नव्हता.