झाडावरून धरलेली शर्यत

मोटारींच्या विलायती शर्यतीत आमच्या सौसर तालुक्यातला एकच माणूस आजवर सामील झालेला आहे, आणि तो आंब्याच्या झाडावर बसून झाला. हा माणूस म्हणजे आमचे मामाजी, माझ्या नवऱ्याचे सख्खे मामा. लग्न होऊन मी सौसरला आले तेव्हा अंगावरची हळद उतरायच्या आधीच त्यांनी मला विचारलं होतं, "सूनबाई, ग्रां प्री मालूम हाय का तुले?" मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी तिथंच पाट ओढला आणि बसले. घरातल्या बाकी सगळ्यांनी ती शर्यत चाळीस-चाळीस वेळा ऐकलेली होती. कोरं माणूस मी एकटीच होते.

गोष्ट अशी, की देश स्वतंत्र झाल्यावर आठ-दहा वर्षांनी मामाजी मँगनीजच्या खाणीवर एका इंग्रज साहेबाची जीप चालवत होते. साहेबाचा धाकटा भाऊ तिकडे त्याच्या देशात शर्यतीची मोटार चालवायचा. एका शनिवारी संध्याकाळी ती शर्यत रेडिओवर येणार होती. पण बंगल्यातल्या रेडिओला विलायत काही केल्या लागेना. तार झाडावर नेऊन बांधली तरी लागेना, आणि माणसानं तीच तार मुठीत धरली की लागे. म्हणून मामाजी आंब्यावर चढले आणि तार धरून बसले. खाली व्हरांड्यात साहेब रेडिओला कान लावून. मामाजींना वर ऐकू येई ती नुसती खरखर, आणि मधूनच भुंगे गुणगुणावेत तसा मोटारींचा आवाज. साहेब प्रत्येक चक्कराला खालून ओरडून सांगे, "हरा आगे! लाल पीछे!" हिरवी मोटार भावाची. असे नव्वद चक्कर होते. मामाजी हलले की शर्यत जायची, मामाजी स्थिर झाले की शर्यत यायची. "म्हंजे रेस कोन चालवून राहिलं होतं? मीच नं!" असं ते विचारायचे.

दोन चक्कर राहिले. हिरवी पुढं. आणि लाल मुंगळा चावला. कुठं चावला ते ऐकणारा पाहून बदलायचं. बायकांसमोर मानेला चावायचा, मित्रमंडळीत दुसरीकडं. तार सुटली, रेडिओ मुका झाला. मामाजींनी ती पुन्हा पकडून वर धरली तेव्हा कोणी बाई गाणं म्हणत होती. साहेब उठून आत गेला. दार लावून घेतलं. पुढच्याच महिन्यात त्याची नोकरी संपली आणि तो कायमचा मायदेशी निघून गेला. जाताना हातात हात दिला, पत्त्याचा कागद दिला, पण शर्यतीचं बोलला नाही, आणि मामाजींची विचारायची छाती झाली नाही. गोष्ट इथवर आली की एवढा बोलका माणूस पाटावरून उठून पाणी प्यायला जायचा.

बाकी वेळ मात्र ते शर्यतीतच असत. कसं वळायचं हे त्यांना साहेबानं शिकवलं होतं: वळण बाहेरून धरायचं, आतल्या कोपऱ्याला शिवायचं आणि पुन्हा बाहेर सुटायचं. हा नियम त्यांनी जीपला लावला, सायकलला लावला आणि शेवटी पायांनाही लावला. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर वळताना ते आधी समोरच्या ओट्याला लागत, मग तिरपे येऊन कोपऱ्यावरच्या घराच्या भिंतीला खांदा घासत आणि पलीकडच्या नालीपर्यंत जात. त्या कोपऱ्यावरच्या बाईनं उन्हाळ्यात मुगवड्या वाळत घातल्या की त्यांच्या चपलेचा ठसा त्यात हमखास उमटायचा. ती ओरडायची, "मामाजी, सीधं चालता येत नाई का हो?" ते थांबून मोठ्या शांतपणानं सांगायचे, "बाई, सीधं तर कोनीबी चालते."

आणि एवढं असून गाडी ते इतकी सावकाश चालवत की काय सांगू. मी त्यांना ओळखलं तेव्हा ते एका बागवाल्याची मॅटाडोर चालवायचे, सौसरहून पांढुर्ण्याच्या स्टेशनवर संत्री न्यायची. वाटेत त्यांना बैलगाड्या मागं टाकत. कोणी हसलं तर म्हणायचे, "संत्र्यायची रेस नसते. दबलं की संपलं." वेग त्यांना फक्त एका कामात लागे, चाक बदलायला. साहेबाच्या पुस्तकात त्यांनी एक फोटो पाहिला होता: मोटार थांबली आहे आणि चार माणसं चारी बाजूंनी तिच्यावर तुटून पडली आहेत. त्या फोटोवरून त्यांनी आम्हा चौघांची टोळी तयार केली. स्वतः जॅक लावणार, आमचे हे नट सोडणार, मामीजी जुनं चाक ओढणार आणि मी स्टेपनी आणणार. अंगणात उभ्या गाडीवर महिनाभर तालीम चालली. मामीजी चुलीवरचं पिठलं सोडून यायच्या आणि म्हणायच्या, "या मानसाशी लगन केलं तवा मले वाटलं ड्रायव्हर भेटला. येड भेटलं."

पण पोळ्याला माझ्या माहेरी सावरगावला निघालो आणि भर रस्त्यावर टायर खरोखर बसलं. मागं बस येऊन थांबली. मामाजी ओरडले, "चला!" मी डोक्यावरचा पदर दातात धरला आणि स्टेपनी पळवत नेली. माणसांसमोर मान वर न करणारी मी, एवढ्या बसभर लोकांसमोर कशी धावले देव जाणे. चाक चढलं, जॅक उतरला आणि बसमधून टाळ्या पडल्या. नवी साडी ग्रीसनं काळी झाली होती. माहेरी आईनं विचारलं हे काय, तर मामाजी माझ्या आधी बोलले, "तुमची पोरगी इनाम घेऊन आली समजा." त्या दिवसाइतकी माझी तारीफ नंतर कोणी केली नाही.

पांढुर्ण्याजवळच्या एका गावच्या शंकरपटाचं नाव मात्र त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. शंकरपटात बैलजोड्या सरळ रेषेत पळतात. मामाजींनी तिथल्या पंचांना पटवलं की सरळ पळणं ही अर्धीच शर्यत, खरी शर्यत गोल असते. मग गावाभोवती, शाळेवरून, विहिरीवरून, घरांपुढून चुन्यानं रस्ता आखला. पाच जोड्या, दहा चक्कर. मामाजी झेंडी घेऊन कौलांवर. जोड्या सुटल्या त्या वाऱ्यासारख्या, शाळेचं वळण घेतलं आणि पहिल्याच चक्करात चार जोड्या आपापल्या घरासमोर येऊन उभ्या राहिल्या. एक तर हाकणाऱ्यासकट गोठ्यात शिरली आणि कडबा खाऊ लागली. पाचवी जोडी तिगावची. तिचं त्या गावात घर नव्हतं, म्हणून ती तेवढी थांबली नाही. पण चुन्याचा रस्ता सोडून ती तिगावच्या वाटेला लागली ती दिसेनाशी झाली. लोक हसून हसून लोळले. मामाजी कौलांवरून उतरले आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "थांबली नाई ते पयली." दुसऱ्या दिवशी फेटा आणि नारळ घेऊन ते स्वतः तिगावला जाऊन आले.

असा माणूस. त्याला कशाची लाज म्हणून ठाऊक नसेल असं कोणालाही वाटावं. पण एकदा मी अंगणात तूर पाखडत होते तेव्हा ते जवळ येऊन बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "सूनबाई, तू चवथी शिकली नं? अक्षर चांगलं हाय तुयं. अन् तू कोनाजवळ बोलत नाई, म्हून तुले सांगतो." मग खिशातून साहेबाच्या पत्त्याचा कागद काढला. तीस वर्षांच्या घड्यांनी तो चाळणीसारखा झाला होता. "तार माझ्या हातून सुटली. त्याच्या भावाची रेस त्याले आखरीपर्यंत आयकू नाई आली. मले एवढंच पायजे, हिरवी पयली आली का नाई. अन् साहेबाच्या मनात माझ्यावर राग तं नाई राहिला?"  

पत्र मी मराठीतच लिहिलं, मला दुसरं येतच नव्हतं. पत्ता मात्र इंग्रजी. रांगोळीचा नमुना उतरवावा तसं एकेक अक्षर पाहून काढलं. शाळेचे हेडमास्तर म्हणाले, "तिकडं मराठी कोण वाचणार मामाजी?" मामाजी म्हणाले, "मले लिहिनारी भेटली, त्यायले वाचनारा भेटन." मग वाट पाहणं सुरू झालं. पोस्टमन उशिरा येतो तो वळणं चुकीची घेतो म्हणून, असं ठरवून त्यांनी त्याला चौकात नेऊन सायकल वळवायला शिकवलं. तो बिचारा दुसऱ्याच दिवशी नालीत पडला आणि आठवडाभर डाकच आली नाही.

पत्र आलं ते थंडीत, संत्र्याच्या हंगामात. मामाजी पांढुर्ण्याला गेले होते. आमच्या पत्राखाली लिहिणारी म्हणून मी माझं नाव घातलं होतं, तेच पाकिटावर होतं म्हणून मी फोडलं, आणि आत मराठी! साहेबाच्या भावानं लिहवून घेतलं होतं. त्याच्या गावच्या दवाखान्यात पुण्याकडचा एक डॉक्टर होता, त्यानं आमचं पत्र त्याला वाचून दाखवलं आणि त्याचं उत्तर उतरवून दिलं. साहेब दोन वर्षांपूर्वी वारला होता. आणि पुढं लिहिलं होतं, की त्या दिवशी माझी हिरवी मोटार अकराव्याच चक्कराला तेलाची नळी फुटून बंद पडली. मी कडेच्या गवतात बसून पाव खात बाकीची शर्यत पाहिली. भावाला ते रेडिओवर तेव्हाच कळलं होतं. तुम्हाला खाली या म्हणायला तो उठला, पण वरून तुम्ही इतक्या आनंदानं विचारलंत, साहेब, हरा किधर, की त्याच्या तोंडून निघून गेलं, हरा आगे. एकदा बोलल्यावर त्याला थांबता येईना. तार पडली तेव्हा मी सुटलो, असं तो सांगायचा. आत जाऊन आधी हसलो आणि मग मला रडू आलं, म्हणायचा. खरं सांगायचं धैर्य त्याला पुढं झालं नाही.

मी ते पत्र तीनदा वाचलं. तीस वर्षं ज्या शर्यतीवर एक माणूस जगला, ती अकराव्या चक्कराला संपली होती, हे त्याला माझ्या तोंडानं कसं सांगू? मी पत्र डाळीच्या डब्यामागं ठेवलं. मामीजींनी माझा चेहरा पाहिला, पत्र काढायला लावलं आणि ऐकलं. मग म्हणाल्या, "सांगून टाक. तीस वर्सं झाले, थो मुंगळा अजून चावून राहिला त्यायले."

दिवेलागणीला मामाजी आले. अंगणात मी उभ्यानंच वाचलं, सगळं, एकही ओळ न गाळता.  वाचून झाल्यावर ते उठले, चपला घातल्या आणि बाहेर पडले. गल्लीच्या कोपऱ्यावर ते साध्या माणसासारखे वळले. कोपऱ्यावरची बाई धावत आमच्याकडं आली, "अवं, मामाजीची तब्येत बरी नाई का?"

दुसऱ्या दिवशी चहा व्हायच्या आधी ते दारात हजर. दाढी केलेली, धुतलेला सदरा. "सूनबाई, रातभर हिसाब केला. अकरापासून अठ्ठ्याऐंशी, म्हंजे सत्त्याहत्तर चक्कर. सत्त्याहत्तर चक्कर साहेबानं नुसत्या तोंडानं गाडी चालवली. ना तेल, ना नळी. अन् एकदाबी मागं नाई पडू देल्ली! भाऊ कायचा डायवर? डायवर तं साहेब होता." ते हसत होते आणि डोळे पुसत होते. "खोटं बोल्ला लेकाचा. माझ्यासाठी बोल्ला. काढ कागद."

मी कागद काढला. त्यांनी सांगितलं तसं लिहिलं: साहेब गेले हे कळून वाईट वाटलं. तुम्ही गवतात बसून पाव खाल्ला त्याचा राग नाही. पण तुमची गाडी इकडं आमच्या सौसरात बंद नाही पडली. तार सुटली तवापर्यंत तीच पुढं होती. मग ते थांबले. मी विचारलं, अजून काही लिहू? त्यांनी पत्त्याचा जुना कागद घडी करून खिशात ठेवला. साहेबाच्या मनात राग नव्हता, तेही लिहायचं का, मी विचारलं.

"नको," ते म्हणाले. "ते माझ्याजवळ राहू दे."