खोदादादचं औषध

असदुल्ला ट्रकवर क्लीनर म्हणून चढला तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. इराणातल्या रफसंजानचे पिस्ते समुद्राकाठच्या बंदर अब्बासला पोचवायचे, येताना मिळेल तो माल भरून आणायचा, यातच त्याची उमर गेली. कंबर धरते म्हणून वाटेत कुणीतरी अफूची नळी पुढे केली, ती पुढे घरातही आली. पाहुणे आले की चहासोबत अफूची शेगडी पेटायचीच. त्याची बायको नोसरत हिला त्यात काही वावगं वाटलं नाही. अफूने रक्त पातळ राहतं, झटका येत नाही, असं तिच्या माहेरीही म्हणत.

झटका आला तो सकाळच्या चहालाच. पेला हातातून गळला, तोंड वाकडं झालं, उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, अफू घेतात का? नोसरतच्या शेजारी तिच्या लेकीची होणारी सासू उभी होती. नोसरत नाही म्हणाली.

दुसऱ्या दिवशी असदुल्ला घामाने निथळू लागला. पोट बिघडलं, धड असलेला हात झाडत त्याने सलाईन उपटली. मेंदूतली सूज वाढली की काय, म्हणून डॉक्टरांची धावपळ सुरू झाली. त्याचा धाकटा भाऊ खोदादाद मात्र समजला, ही अफू तुटल्याची तगमग आहे. त्याने चहात अफू विरघळवली आणि भावाच्या तोंडात ओतली. असदुल्लाला नीट गिळता येत नव्हतं. चहा छातीत उतरला आणि न्यूमोनिया झाला. हातापायाला व्यायाम द्यायचे ते दिवस तापात गेले.

तेव्हा नोसरतने खरं सांगितलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी बोलला असतात, तर औषध देऊन सांभाळलं असतं."

मग ते औषध सुरू झालं आणि असदुल्ला शांत झाला. घरी व्यायाम द्यायला माहीन नावाची मुलगी येई. ती कडक होती, पण तिच्या हाताला गुण होता. नौरोजच्या सणापर्यंत असदुल्ला भिंत धरून अंगणात जाऊ लागला. उजव्या हातात चमचा धरून त्याने दही खाल्लं, निम्मं दाढीवर सांडलं, आणि कितीतरी दिवसांनी नवराबायको दोघं हसली. बायकोचं नाव मात्र त्याच्या तोंडून अजून नीट निघत नव्हतं.

मग खोदादाद पुन्हा नळी घेऊन आला. नोसरतने त्याला दारातच अडवलं.

"वहिनी, आमचा बाप याच्यावरच म्हातारा होईपर्यंत जगला. भावाचं दुखणं मला बघवत नाही."

"बघवत नाही तर येऊ नका."

ती भट्टीवरून भाकरी आणायला गेली तेवढ्यात तो आत शिरला. परतली तेव्हा खोली धुराने भरली होती. तिने शेगडी उचलून अंगणात उपडी केली. असदुल्ला तिच्याकडे बघत राहिला आणि अगदी स्पष्ट म्हणाला, "अफू दे."

झटक्यानंतर त्याच्या तोंडून इतकं स्वच्छ पहिल्यांदाच काही निघालं.

त्यानंतर दवाखान्याच्या गोळ्या तो थुंकून टाकी. नळी नसली की रडे, डोकं भिंतीवर आपटी, म्हणून नोसरतने खोदादादला अडवणं सोडलं. नळी मिळाली की तो दुपारपर्यंत झोपे. माहीन यायची, हाका मारायची, तो डोळे उघडायचा नाही. शेवटी ती म्हणाली, "नोसरत खानुम, झोपलेल्या माणसाचा हात मी एकटीने किती हलवू?" आणि तिने येणं थांबवलं. चमचा धरणाऱ्या हाताची मूठ हळूहळू अशी आवळली, की नखं तळव्यात रुतू लागली.

पिस्त्यांची तोडणी आली आणि खोदादाद बागेत अडकला. पुडी तेवढी पाठवून देई. निखारा फुलवायचा, नळी ओठांना लावायची, हे सगळं नोसरतच्या गळ्यात पडलं. भेटायला आलेल्या बायका ते बघत आणि म्हणत, देवाने प्रत्येकाला अशी बायको द्यावी. नोसरत त्यांना चहा ओतून देई.