गल्लीचे तीन तुकडे

तोंडावर नाही म्हणायचं नाही, हे मी जपानात शिकले. सहा वर्षं क्योटोत चित्रं काढली आणि गॅलरीवाल्यांचे उंबरे झिजवले. तिथे "जरा कठीण आहे" म्हटलं की समोरचा समजतो, विषय संपला. पुन्हा विचारणं असभ्यपणा, आणि पुन्हा नकार देणं त्याहून मोठा. मुळात मी भिडस्त, त्यामुळे ही रीत मला फारच मानवली.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही नेदरलँड्समध्ये आल्मेरेला आलो. अ‍ॅम्स्टरडॅममधल्या एका गॅलरीवाल्याला माझं बारा फुटी चित्र आवडलं. साताऱ्यातली माझ्या लहानपणची गल्ली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकाच अखंड कागदावर. ती गल्ली आता पाडून टाकली आहे. आठवून आठवून मी ती दोन वर्षं काढत होते.

तो म्हणाला, "इथल्या घरांत एवढी भिंत कुणाकडे आहे? तीन तुकडे करून फ्रेम करू."

मी हसून म्हणाले, "जरा कठीण आहे. विचार करते." त्यानेही हसून मान डोलावली. निघताना मागे वळून पाहिलं, तर तो टेपने चित्राची लांबी मोजत होता.

सोमवारी त्याचा मेल आला. "फ्रेमवाला गुरुवारी येतोय. हरकत असेल तर बुधवारपर्यंत कळव." मनात पाल चुकचुकली. तरी मी उत्तर लिहिलं, "आपण घेत असलेल्या काळजीबद्दल आभारी आहे." क्योटोत एवढ्यावर माणूस खजील झाला असता.

नवऱ्याने ते वाचलं. "अगं, यात नाही कुठंय? भीड भिकेची बहीण. फोन कर त्याला."

"सांगून झालंय," मी खेकसले. "सभ्य माणसाला एकदा पुरतं."

बुधवारी चार वेळा फोन हातात घेतला आणि ठेवला. गुरुवारी दुपारी राहवेना, ट्रेन पकडली. स्टेशनपासून जवळजवळ धावतच गेले.

दाराच्या काचेतूनच तीन फ्रेमा दिसल्या. चित्रात आमच्या ओट्यावर आई माझी वेणी घालत होती. आई पहिल्या फ्रेममध्ये राहिली होती, मी दुसरीत.

"आवडलं?" त्याने कौतुकाने विचारलं.

"नाही."

त्याचा चेहरा पांढरा पडला. "मग बुधवारपर्यंत का नाही सांगितलंस? मी विचारलं होतं ना?"

मी त्याच्यावर ओरडायलाच आले होते. पण ओरडावं असं त्याने काही केलंच नव्हतं.