एका बोटाचं कुंकू

खंडेनवमीला काकांनी आमच्या कॉम्प्युटरच्या डिस्कच्या पेटीला कुंकू लावलं, तेव्हा मी त्यांना सुनावलं होतं. लालबागच्या एका खोलीत आम्ही काही कार्यकर्ते गिरणगावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती जपून ठेवत होतो. पेटीत चार डिस्क शेजारी शेजारी, आपापल्या सरकत्या कप्प्यांत, आणि प्रत्येक मुलाखत तुकड्यातुकड्यांनी चारींवर विखुरलेली. काका निवृत्त साचेवाले, म्हणजे गिरणीत माग चालवणारे; खोलीची किल्ली त्यांच्याकडे असायची. माझ्या घरी देवघर नव्हतं, कामगार चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे होते, त्यांवर बसूनच मी वाचायला शिकले. तेव्हा गप्प बसणं शक्यच नव्हतं.

"काका, यंत्र कुंकवावर नाही, विजेवर चालतं."

"गिरणीतले साचे काय वाऱ्यावर चालायचे गो बाय?" म्हणत त्यांनी बोट लेंग्याला पुसलं.

पंधरवड्यात पेटी बंद पडली. जळका वास आला, म्हणून मी घाईघाईने चारही डिस्क त्यांच्या कप्प्यांसकट खेचल्या आणि कापडी पिशवीत भरल्या. दुसरी प्रत नव्हती. ती काढायची असं दर बैठकीत ठरायचं, आणि बैठकीनंतर कुठलातरी मोर्चा निघायचा.

त्यात काकींची मुलाखत होती. त्यांनी गिरणी कामगारांसाठी खाणावळ चालवली होती. मुलाखतीच्या वेळी त्यांनी काकांना खोलीबाहेर घालवलं होतं, आणि नंतर महिन्याभरात त्या गेल्या. काकांनी ती अजून ऐकली नव्हती. "एवढ्यात नको," म्हणायचे.

दादरच्या दुरुस्तीवाल्याकडे काकाही आले, स्टुलावर बसले. दुरुस्तीवाल्याने सगळ्या डिस्क तपासल्या.

"एक गेलीच आहे. त्याचं काही नाही, बाकीच्या तिन्हींवरून तिचा मजकूर भरून काढता येतो. पण आणखी एक खरखरतेय. तिची नक्कल घेतली, तर मधेमधे मजकूरच नाही, नुसती भोकं. आता मला क्रम सांगा. पेटीत पहिली कुठली होती?"

मी पिशवीकडे बघितलं.

"मॅडम, पुस्तकाची पानं सुटी करून आणलीत आणि पानांवर आकडे नाहीत. एरवी मी जुळवून बघितलं असतं. पण क्रम चुकला काय नि भोकं पडली काय, मला दोन्ही सारखंच दिसणार."

काका उठले, चारही कप्पे टेबलावर मांडून खाली वाकले. प्रत्येकाच्या पुढच्या पट्टीवर त्यांचं कुंकू होतं. एकावर गडद, शेवटच्यावर जेमतेम लालसर.

"बोट मी एकदाच बुडवतंय," ते म्हणाले. "डावीकडून सुरू करायचा, जाईत तिथपर्यंत पुरवायचा. साच्यांच्या रांगेक अशीच सवय."

गडद ती पहिली. त्या क्रमाने दुरुस्तीवाल्याने डिस्क जुळवल्या. मी मान खाली घालून बघत होते. देवावर माझा आजही विश्वास नाही, पण त्या हाताला मी जे बोलले होते ते चुकीचं होतं, आणि तसं मी त्यांना तिथेच सांगितलं. "बरा," एवढंच म्हणाले.

तीन दिवसांनी मुलाखती परत मिळाल्या, बहुतेक सगळ्या. काकांनी काकींची लावायला सांगितली.

"तुमी भायर जावा बगू," काकींचा आवाज आला, आणि काका हसले. मग खाणावळीबद्दल: संपात किती माणसांना उधार मागावं न लागता जेवायला घातलं, पीठ कुठून आणलं. "आणि ह्यांच्या पत्रकात," काकी म्हणाल्या, "आमचा बायकांचा नाव कधी..."

पुढे नुसती खरखर. आवाज परत आला तेव्हा त्या माशांच्या कालवणाबद्दल बोलत होत्या.

"पत्रकां मीच लिही होतंय," काका म्हणाले.

मला आमच्या घरचे गठ्ठे आठवले. त्यातही कुठल्या खाणावळवालीचं नाव वाचल्याचं आठवेना.

मुलाखत कागदावर उतरवायला बसले तेव्हा मी विचारलं, "इथे काय म्हणाल्या असतील, काका? तुम्ही सांगा, मी लिहिते."

"नको," ते म्हणाले. "ता तिचा वाक्य आसा. मोकळी जागा सोड. माझ्या मनाचा काय घालू नको."

मी चार ओळी कोऱ्या सोडल्या.